विहारातले गमबूट

विहारात चपला घालून जायचं नाही, हा कांताचा कायदा. अनवाणी पायांनी प्रेशर वॉशरला हात लावायचा नाही, हा माझा कायदा. कायदे दोन्ही बरोबर होते, पण एकाच उंबऱ्यावर येऊन अडले होते. वर्षभर आम्ही नवरा-बायको त्यावरून भांडलो. भांडण संपलं ते गेल्या वैशाखानंतर, आणि कसं संपलं ते सांगताना मला अजून बरं वाटत नाही.

कांता माझी बायको. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. आमच्या नगरातल्या महिला मंडळाची ती प्रमुख आहे, विहाराची एक किल्ली तिच्याकडे असते आणि रविवारच्या वंदनेला पंचशील तीच सांगते. मी भगवान. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत एकतीस वर्षं मेन्टेनन्स फिटर होतो. हायड्रॉलिक प्रेस माझ्या ताब्यात असायचे. रिटायर झालो, पण शिकवायची खोड गेली नाही. कुणी बल्ब बदलायला स्टुलावर चढलं, तर मी खालून स्टूल धरतो आणि वर चार सूचना देतो. मला येताना पाहून लोक स्टूल लपवतात, असं कांता म्हणते.

मशीन आमच्या मुलाने दिलं. सम्यक टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये राहतो. तिथे खाली कुणाला तरी गाडी धुताना त्याने पाहिलं आणि आदल्या वर्षीच्या चौदा एप्रिलला विहाराला एक प्रेशर वॉशर भेट देऊन टाकला. ओट्यावरचं मेणबत्त्यांचं मेण, पायऱ्यांवरचं शेवाळ, कबुतरांची घाण, सगळं चुटकीसरशी निघेल म्हणाला. निघालंही. पहिल्याच दिवशी विहार समितीच्या अध्यक्षाने, म्हणजे रत्नदीपने, मशीनसोबत आलेल्या चार रंगांच्या नोझलांपैकी नेमकं लाल उचललं आणि देणगीदारांच्या रंगवलेल्या बोर्डावर पाणी सोडलं. लाल नोझलमधून पाणी सळईसारखं सरळ येतं. बोर्ड स्वच्छ झाला आणि वरून तिसरं नाव अर्धं उडालं. ते रत्नदीपच्या स्वतःच्या वडिलांचं होतं. त्या संध्याकाळी मशीन माझ्या ताब्यात आलं.

मग मी माझ्या पद्धतीने नियम लावले. लाल नोझल मी घरी आणून टेबलाच्या खणात टाकलं. फरशीला हिरवं, रंगवलेल्या कठड्याला पांढरं, आणि तेही हातभर लांबून. आमच्याकडे टाकीच्या तळाला गाळ असतो, म्हणून नळी जोडण्याआधी पाणी आत घेण्याच्या तोंडाची बारीक जाळी धुवायचीच. आधी नळ सोडायचा, ट्रिगर दाबून आतली हवा काढायची, मगच स्विच. वायर ओल्यात पडू द्यायची नाही. काम संपलं की उलट क्रम: स्विच बंद, नळ बंद, आणि मग ट्रिगर दाबून नळीत अडकलेला दाब सोडायचा. हे शेवटचं कुणी करत नाही. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, या नळीत शंभराच्या वर बार पाणी असतं, हे मी नगरातल्या प्रत्येकाला निदान तीनदा सांगितलं आहे.

त्या मशीनची एक खोडही मी सगळ्यांना सांगायचो. ट्रिगर सोडला की मोटर आपोआप थांबते. आवाज बंद होतो. माणसाला वाटतं मशीन बंद झालं. ते बंद नसतं, नुसतं गप्प बसलेलं असतं, आणि पुन्हा ट्रिगर दाबला की पहिल्या क्षणापासून पूर्ण दाबाने पाणी येतं. म्हणून गन खाली ठेवताना ट्रिगरमागची लॉकची पट्टी लावायची आणि स्विच बंद करायचा. पाच पावलं दूर जायचं असलं तरी.

हे मी उगाच घोकत नव्हतो. कंपनीत माझ्याबरोबर काळुराम होता, माजिवड्याचा आगरी. एकदा प्रेसच्या होसमधून तेल कुठून तरी फवारत होतं, आणि गळती शोधायला त्याने नळीवरून बोट फिरवलं. बोटाला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं, रक्तसुद्धा आलं नाही. तो हसला, आम्ही हसलो, त्याने रुमाल गुंडाळला आणि पाळी पुरी केली. तिसऱ्या दिवशी बोट काळं पडलं आणि कापावं लागलं. उजव्या हाताचं पहिलं बोट. त्या दिवशी मीही हसलो होतो, म्हणून दाबाच्या बाबतीत मला नंतर कधी हसू आलं नाही.

तर, गमबूट. मशीन चालवणाऱ्याच्या पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट हवेत, यावर मी अडून बसलो. कांता म्हणाली, "विहारात बूट? तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?"

"पाय ठिकाणावर राहावेत म्हणून सांगतोय."

"इतकी वर्षं आपण हातांनी धुतलं. कुणाचा पाय गेला नाही."

शेवटी तह झाला. पायऱ्या आणि ओटा मी बूट घालून मशीनने धुवायचा. उंबऱ्याच्या आत मशीन जाणार नाही. आतली फरशी बायका पोचे घेऊन, अनवाणी, हातांनी पुसणार. तह मला पसंत होता, पण त्यात एक फट होती आणि ती मला दिसली नाही. आमच्याकडे चपला पायऱ्यांच्या खाली काढतात. म्हणजे आतून बाहेर येणारी प्रत्येक बाई ओट्यावर अनवाणीच येणार, आणि ओट्यावर माझं मशीन असणार.

बुद्ध पौर्णिमा गुरुवारी होती. त्याच्या आधीच्या रविवारी सकाळी मोठी सफाई काढली. ऊन सात वाजल्यापासूनच तापलं होतं. मी बूट घालून, पँट आत खोचून, मशीनच्या बाटलीत फरशी धुवायचं लिक्विड भरून कामाला लागलो. मेण निघत होतं, काळी फरशी खालून उजळत होती, आणि येणारा-जाणारा जयभीम घालून "वा, काका" म्हणत होता. मी खूश होतो. खरं सांगायचं तर जरा जास्तच खूश होतो.

साडेदहाच्या सुमाराला खालून रत्नदीपची हाक आली. मंडपवाल्याचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी अडकला होता आणि ड्रायव्हर मागे घ्यायला तयार नव्हता. "भगवानकाका, तुम्ही या जरा, तुमचं ऐकेल तो!"

माझं ऐकेल म्हटल्यावर मी कशाला थांबतो? ट्रिगर सोडला, गन पायरीवर ठेवली आणि गेलो. मशीन आपोआप गप्प झालं. लॉक लावलं नाही, स्विच बंद केला नाही. वर्षभर ज्या गोष्टीवरून मी लोकांची डोकी खाल्ली, ती मी स्वतः त्या सकाळी केली नाही. कारण काय, तर एका टेम्पोवाल्याला अक्कल शिकवायची होती.

दहा मिनिटांनी परत आलो तेव्हा गन कठड्याला टेकवून ठेवलेली होती. कांता आत निघाली होती, जराशी लंगडत.

"काय झालं गं?"

"काही नाही. पाणी लागलं पायाला."

मशीन गप्प होतं. मी गन उचलली आणि उरलेल्या पायऱ्या धुवायला लागलो. पाऊण तास धुत होतो. हा पाऊण तास मला आजही पुसता येत नाही.

काम उरकल्यावर ओट्यावर सगळ्यांना पोहे आणि चहा आला. कांता कठड्याला टेकून बसली होती आणि डाव्या पायाची बोटं पदराखाली लपवत होती. तिने पोह्यांना हात लावला नव्हता. मी पदर बाजूला केला. दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूला, एक ठिपका होता. मोहरीएवढा, कडेला पांढरट. त्याच्याभोवतीचं कातडं तटतटून चकाकत होतं आणि वर तिने हळद चोपडली होती.

"नळी वाटेत होती," ती हळू आवाजात म्हणाली. "पोरी बादल्या घेऊन येत होत्या, अडखळल्या असत्या. म्हणून उचलून बाजूला ठेवायला गेले, तर सुरूच झालं ते. क्षणभरच. असं टोचल्यासारखं झालं नुसतं."

मला एकदम काळुरामचा रुमाल दिसला.

"बोटं हलव."

"बधिर झालीत जरा. होईल कमी."

"हळद धू. दाबू नकोस, चोळू नकोस. पाय वर घे."

"अहो, केवढीशी जखम! खिरीचं दूध सांगायचंय अजून..."

मी तिच्यावर ओरडलो. भर ओट्यावर, सगळ्या बायकांसमोर. लग्नानंतर असा मी तिच्यावर दोन-तीनदाच ओरडलो असेन. तिने पाय वर घेतला, कारण माझा आवाज रागाचा नाही, हे तिला कळलं. मला भयंकर भीती वाटत होती.

मी काळुरामला फोन केला. गाडी त्याच्याकडे होती, आणि काय झालं ते त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. "पाण्याचं इंजेक्शन झालंय कांताला, पायात," एवढंच म्हणालो. रविवारचा रस्ता मोकळा होता, तो पंधरा मिनिटांत माजिवड्याहून गल्लीच्या तोंडाशी आला. लेंग्यावरच आला होता. त्याने कांताचा पाय पाहिला आणि गाडीचं मागचं दार उघडलं.

आम्ही ठाण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो. कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होता, सम्यकपेक्षाही लहान. सकाळपासून दमलेला दिसत होता. त्याने ठिपका पाहिला, स्वच्छ केला आणि म्हणाला, "काका, वरवरची जखम आहे. टीटी देतो, गोळ्या लिहून देतो. सूज वाढली तर उद्या ओपीडीत दाखवा."

"ही वरवरची नाही. हाय प्रेशरने पाणी आत घुसलंय. साबणाचं पाणी. आतून धुवावं लागेल. सर्जनला बोलवा."

"काका, मी डॉक्टर आहे."

आणि मग माझा तोल गेला. बार काय असतो, दाब काय असतो, पाणी कातडीतून कसं आत शिरतं आणि शिरांच्या वाटेने कुठवर पोचतं, सगळं मी त्याला मोठमोठ्याने सांगायला लागलो. जितका माझा आवाज चढत होता, तितकं त्याचं ऐकणं कमी होत होतं. सिक्युरिटीवाला दारातून डोकावला. माझ्या बोलण्याच्या सवयीने आता कांताचा पाय जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं आणि तरी मला थांबता येत नव्हतं.

काळुरामने मला खांद्याला धरून मागे केलं. मग पुढे होऊन त्याने डॉक्टरच्या टेबलावर आपला उजवा हात पालथा ठेवला. चार बोटांचा.

"डाक्टरसाहेब," तो शांतपणे म्हणाला, "मना पन येवराच भोक परलेला. रगतबी नाय आला. मी घरी जाऊन जेवलो, झोपलो. तिसरे दिशी बोट काला जाला." त्याने बोटाच्या खुंटावर अंगठा फिरवला. "तवाच्या डाक्टरनीबी मना गोल्याच दिलेल्या. त्याचा दोस नाय, त्याला कोनी सांगलाच नव्हता. तुमाला हा सांगतंय."

तरुण डॉक्टर त्या हाताकडे पाहत राहिला. मग त्याने कांताच्या पायाकडे पुन्हा पाहिलं, या वेळी खाली वाकून, बोटं एकेक करून दाबत. फोन उचलला. तो पोरगा चांगला होता, हे मी सांगितलं पाहिजे. चूक कबूल करायला त्याला दोन मिनिटं लागली. मला त्याहून खूप जास्त वेळ लागणार होता.

सर्जन बाई आल्या त्या भराभर प्रश्न विचारतच. दाब किती? नोझल किती जवळ होतं? पाण्यात काय मिसळलेलं होतं? मी बाटलीच्या लेबलचा फोटो काढून आणला होता, तो दाखवला. त्या "बरं केलंत" म्हणाल्या. मग विचारलं, "मशीन बंद असताना नळीतलं उरलेलं पाणी लागलं, की मशीन चालू होतं? पूर्ण दाब होता?"

मी तोंड उघडलं. त्याआधी कांता बोलली.

"चालू होतं. यांनी बंद करून ठेवलेलं. मीच चालू केलं, बघायला."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाईंनी मान हलवली आणि लिहून घेतलं. त्यांना दाब पूर्ण होता एवढंच हवं होतं. कुणी चालू केलं, हे त्यांच्या कामाचं नव्हतं. पण आमच्या मागोमाग रिक्षाने आलेल्या रत्नदीपने ते ऐकलं, त्याच्या मागे उभ्या असलेल्या दोन बायकांनी ऐकलं. आणि मी, ज्याला गप्प कसं बसायचं ते ठाऊक नाही, तो गप्प बसलो.

दुपारी तीनला ऑपरेशन झालं. बोटाच्या मुळापासून वर चार बोटं रुंदीएवढा पाय उघडावा लागला. आत साबणाचं पाणी घोट्याच्या दिशेने सरकत चाललं होतं. धुवून जखम उघडीच ठेवली, मंगळवारी पुन्हा धुतली. "आज आणलंत म्हणून," सर्जन बाई म्हणाल्या. "उद्या ओपीडीत आणलं असतं, तर मला वेगळं काही सांगावं लागलं असतं." पाय वाचला, बोटंही वाचली. दोन बोटांतली संवेदना मात्र गेली. ती परत येईल किंवा नाही येणार, असं त्या म्हणाल्या.

पौर्णिमेला कांता हॉस्पिटलातच होती. दरवर्षी नगराची खीर तिच्या हाताची असते. या वर्षी इतर बायकांनी केली, आणि रत्नदीप डबा घेऊन आला. तिने एक चमचा खाल्ला, "साखर पुढे झालीय," म्हणाली आणि डबा संपवला. मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

घरी आल्यावर मला वाटलं होतं, एक दिवस ती मला चांगलं फैलावर घेईल. मी तयारीत होतो. तिने काही म्हणजे काही काढलं नाही. ड्रेसिंग मी करायचो, ती भिंतीकडे बघत बसायची. लोक भेटायला येत आणि जाताना हमखास म्हणत, "ताई, तुम्ही कशाला हात लावलात? काका एवढं सांगत असतात." ती "चुकलंच" म्हणायची. मी चहाचे कप उचलून आत जायचो.

पण एक गोष्ट माझ्या कानाला लागली. संध्याकाळी घरात आम्ही वंदना घेतो. कांताचा आवाज खणखणीत, माझा तिच्या मागे फरफटत जाणारा. आता पाच शीलांपैकी तीन ती नेहमीसारखी म्हणायची, आणि चौथ्याला तिचा आवाज बसायचा. पाचव्याला पुन्हा वर यायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, खोकला आला असेल. दुसऱ्या दिवशी तसंच. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिसऱ्या दिवशी मला कळलं, आणि मी मधेच थांबलो. तिने शेवटपर्यंत म्हणून घेतलं आणि भाजी निवडायला बसली.

तेव्हासुद्धा मी तिला काही म्हटलं नाही. उद्या बोलू, परवा बोलू, असं करत दहा दिवस काढले. नियम दुसऱ्याने मोडला की मी जागच्या जागी बोलतो.

जूनच्या दुसऱ्या रविवारी ती पहिल्यांदा विहारात आली. काळुरामने गाडीतून गल्लीपर्यंत आणलं, पुढे मी. तिच्यासाठी मागे खुर्ची मांडली होती. रत्नदीपने आग्रह केला, तरी पंचशील सांगायला ती पुढे गेली नाही. "पाय दुखतो," म्हणाली. पंचशील सांगायला पायाचं काय काम, हे कुणी विचारलं नाही.

वंदना झाल्यावर बैठक होती. रत्नदीपने विषय काढला. "ते मशीन आपण सम्यकला परत देऊन टाकू. चांगलं आहे, पण आपल्या बायकांना सवय नाही. काकूंसारख्या जाणत्या बाईकडून अशी चूक होते, तर बाकीच्यांचं काय?"

माना डोलल्या. कांताने मान खाली घातली.

मी उभा राहिलो. इतक्या वर्षांत त्या विहारात मी शंभरदा उभा राहून बोललो असेन, वायरिंगवर, पाण्याच्या टाकीवर, गॅसच्या नळीवर. स्वतःच्या चुकीवर कधी नाही.

"कांताने मशीन चालू केलं नाही," मी म्हणालो. "मशीन चालूच होतं. मी टेम्पोकडे गेलो तेव्हा चालू ठेवून गेलो. लॉकही लावलं नाही. तिने फक्त तुमच्या वाटेतून गन उचलली. तिचा पाय माझ्या चुकीने गेला असता. आणि तिने माझ्यासाठी खोटं सांगितलं, ते मी इतके दिवस खपवून घेतलं."

रत्नदीप हातातल्या वहीकडे बघत राहिला. मला बसायचं होतं, पण बसता येईना. शेवटी मागून कांताचाच आवाज आला.

"मशीन परत द्यायचं नाही," ती म्हणाली. "मेण खरवडून माझी नखं गेली इतकी वर्षं. मशीन राहू द्या. बूट आणा."

"काकू, विहारात बूट?" रत्नदीप म्हणाला.

"रस्त्यावरचे जोडे इथे येणार नाहीत, ते आहेच. पण जो बूट रस्त्यावर कधी गेलाच नाही, त्याला काय अडचण? नवे आणायचे, खोक्यातून इथेच काढायचे, इथेच ठेवायचे. आतल्या कपाटात, पोच्यांच्या शेजारी. बाहेर एक पाऊल गेलं, तर ते बाद." तिने डावा पाय पुढे केला. "आणि माझ्या मापाचेपण आणा. मला ते चालवायला शिकायचंय."

वर्षभर आम्ही दोघं ज्यावर भांडलो, ते तिने खुर्चीत बसल्या बसल्या सोडवलं. मला ते का सुचलं नाही? कारण मला जिंकायचं होतं.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला मुक्काम, सुरू होतो. त्याआधीच्या रविवारी पुन्हा सफाई काढली. कपाटातून दोन जोड निघाले, एक माझा, एक पाच नंबरचा. कांता ओट्यावर बसली. डाव्या पायाच्या दोन बोटांना अजून काही कळत नव्हतं. बुटात बोट मुडपलं तरी तिला समजलं नसतं. म्हणून मी खाली बसलो, तिचा पाय हातात घेतला, बोटं एकेक सरळ केली आणि बूट हळूच चढवला. नगरातल्या बायका बघत होत्या. एकीने पदर तोंडाला लावला.

"बघताय काय?" कांता म्हणाली. "नियम आहे तो."

मी जाळी धुतली, नळी जोडली, नळ सोडला, हवा काढली, हिरवं नोझल लावलं. तिने गन दोन्ही हातांनी धरली आणि पहिल्या धक्क्याला "अगं बाई" म्हणाली. मग तिला जमलं. ओट्याच्या कोपऱ्यातलं शेवाळ तिने असं काढलं, की मला सांगायला काही उरलं नाही. तरी मी सांगत होतो.

मधे खालून रत्नदीपने मला हाक मारली. कांताने ट्रिगर सोडला. मशीन गप्प झालं. मी निघालो होतो, तिने मला तिथेच थांबवलं.

"लॉक?" ती म्हणाली, आणि पट्टी लावून दाखवली.

"लॉक," मी म्हणालो.

"स्विच?"

मी जाऊन स्विच बंद केला. नळ बंद केला. तिने लॉक काढून, गन मोरीकडे धरून ट्रिगर दाबला, उरलेलं पाणी फुसकन निघून गेलं. पुन्हा लॉक लावलं आणि मगच म्हणाली, "जा आता. टेम्पोवाला वाट बघत असेल." बायका हसल्या. मीही हसलो.

संध्याकाळी विहार भरलं होतं. फरशी अजून ओलसर होती. रत्नदीपने काही म्हणायच्या आत कांता हळूहळू चालत पुढे गेली आणि मूर्तीसमोर बसली. तिने हात जोडले आणि पंचशील सुरू केलं. मी मागे बसून मोजत होतो. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं.

चौथं तिने सगळ्यांत स्पष्ट म्हटलं. आम्ही सगळ्यांनी तिच्या मागून म्हटलं, आणि माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, कारण मी रडत होतो.